पाटे वाढवायचे की हवेचे फुगे लावायचे?

या वेळच्या पत्रांत एकच रडगाणं वेगवेगळ्या सुरांत ऐकू येतंय : पिकअप भरली की मागून बसते. (पाटे म्हणजे एक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, गाडी पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी. हवेचे फुगे म्हणजे एक्सल आणि चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, यांच्या मध्ये बसणाऱ्या रबरी पिशव्या.) त्यातलं एक पत्र सविस्तर घेतो, कारण त्यात जवळजवळ सगळंच आलंय. बाकीच्यांना त्यानंतर.

प्रश्न : काका, नमस्कार. माझी चार दारांची पिकअप आहे, मागे पाटे आहेत. मी फिरतं वेल्डिंगचं काम करतो. हौद्यात जनरेटर, वेल्डिंग सेट, दोन गॅस सिलिंडर, हत्यारांच्या पेट्या आणि लोखंडी रॅक कायम असतात. जनरेटर फाळक्यापाशी ठेवतो, म्हणजे उतरवायला सोपा पडतो. कामावर जाताना आम्ही चौघं, शिवाय कधी कधी दोनेकशे किलो लोखंड. गाडी मागून इतकी बसते की गतिरोधकावर खालून धाडकन आवाज येतो, रात्री समोरचे लाइट मारून शिव्या घालतात आणि वेगात स्टिअरिंग हलकं लागतं. कागदावर एकूण वजन ३००० किलो, रिकाम्या गाडीचं १९५०. एक मिस्त्री म्हणतो दोन पाटे वाढव, दुसरा म्हणतो हवेचे फुगे लाव, तिसरा म्हणतो दोन्ही कर. कोणाचं ऐकू?

उत्तर : तिघांपैकी कोणी गाडी वजनकाट्यावर घ्यायला सांगितलं का? पत्रात तसं काही दिसत नाही. मग मीच सांगतो. नेहमीचं सगळं सामान, चारही माणसं आणि टाकीभर डिझेल घेऊन काट्यावर जा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून, असे दोन आकडे घ्या. मागच्या एक्सलची मर्यादा गाडीच्या पाटीवर किंवा पुस्तकात वेगळी दिलेली असते. त्या आकड्याकडे कोणी बघत नाही आणि गाडी मात्र तिथेच मोडते.

तोवर कागदावर हिशेब करू. ३००० मधून १९५० गेले, राहिले १०५०. हे १०५० म्हणजे नुसता माल नव्हे, त्यात तुम्ही चौघंही आलात. माणशी ७५ धरले तर ३०० तिथेच संपले. जनरेटर २०० आणि वेल्डिंग सेट ५० धरा, दोन सिलिंडर १४०, पेट्या १८०, रॅक १३०. झाले १०००. म्हणजे लोखंडाचा पहिला गज चढवण्याआधीच गाडी जवळपास भरलेली आहे. वर २०० किलो लोखंड टाकलं की मर्यादेच्या दीडशे किलो पुढे. हे दीडशे किलो कुठलाही पाटा आणि कुठलाही फुगा कमी करून देणार नाही. पाटा वाढवला की गाडी वर दिसते, पण एक्सलचं हाउसिंग (बाहेरचं कवच) तेच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच आणि चेसिसही तीच. रोलर बेअरिंगवर त्याच्या ठरलेल्या भारापेक्षा वीस टक्के जास्त भार कायम राहिला, तर त्याचं आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतं. गाडी बसलेली असते तेव्हा निदान ती तक्रार तरी करते. कडक पाटे टाकून ती सरळ उभी केली, की चालवणाऱ्याला वाटतं सगळं झकास आहे आणि तो आणखी शंभर किलो टाकतो. माझ्याकडे पाटे वाढवून गेलेलं गिऱ्हाईक काही महिन्यांनी परत येतं ते बहुधा बेअरिंगचा आवाज घेऊन.

म्हणून पहिलं काम पान्याचं नाही, सामान हलवण्याचं आहे. जनरेटर फाळक्यापाशी आहे म्हणता, म्हणजे मागच्या एक्सलच्या साधारण ९० सेंटिमीटर मागे. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३ मीटर धरा. एक्सलच्या मागे लटकलेलं वजन तरफेसारखं पुढचं टोक उचलतं. २०० किलोचा जनरेटर तिथे मागच्या एक्सलवर २६० किलो टाकतो आणि पुढच्या चाकांवरचे ६० किलो काढून घेतो. स्टिअरिंग हलकं लागतं आणि दिवे आभाळाकडे बघतात, ते यामुळे. तोच जनरेटर केबिनला चिकटवून, एक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे ठेवला, तर मागे १८० पडतात आणि पुढे २० वाढतात. मागच्या एक्सलवरचे ८० किलो एका पैशाचा खर्च न करता गेले. उतरवायला त्रास होईल, मान्य. हौद्यात सरकती पाटी बसवा. जड पेट्याही पुढेच घ्या आणि मागे हलकं सामान ठेवा. सिलिंडर मात्र उभे आणि पक्के बांधलेलेच हवेत, जागा बदलताना त्यात तडजोड नको.

हे करून, लोखंड दुसऱ्या गाडीने पाठवायचं ठरवून, मग पाट्यांकडे या.

तुमचं सातशे किलोचं सामान हौद्यातून कधी उतरतच नाही. अशा गाडीला फुगा नको, पोलादच हवं. फुगा त्याला, ज्याची गाडी आज भरलेली आणि उद्या रिकामी असते. तुम्हाला लागेल तो कायमच्या वजनासाठी बनवलेला पाट्यांचा पूर्ण संच. चांगला पाटेवाला आधी विचारतो की कायम किती किलो, कधीमधी किती किलो आणि बंपर, कॅरिअर असं काय काय लावलंय. न विचारता ‘हेवी ड्यूटी’ म्हणून हातात देणाऱ्याकडून घेऊ नका.

‘जुन्यातच दोन टाकतो’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला मी चूक म्हणणार नाही, पण अर्धवट म्हणेन. याचं गणित घरच्या घरी करून बघता येतं. सपाट जागी गाडी रिकामी करा, मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंत टेपने माप घ्या. मग माहीत असलेलं वजन, समजा ६०० किलो, बरोबर एक्सलच्या वर टाका आणि परत मोजा. गाडी ६० मिलिमीटर बसली, तर दोन्ही बाजू मिळून दर मिलिमीटरला १० किलो. आता चार पाट्यांच्या संचात त्याच जाडीचा, पूर्ण लांबीचा पाचवा टाकला, तर कडकपणा साधारण पाव पटीने वाढतो. तेच ६०० किलो आता ६० ऐवजी ४८ मिलिमीटर बसवतील. सगळा फरक १२ मिलिमीटरचा. मग गिऱ्हाईक खूश होतं ते कशामुळे? नवा पाटा जास्त कमान देऊन टाकलेला असतो, त्यामुळे गाडी रिकामी असतानाच वर उचललेली असते. कडक होणं वेगळं आणि उंच होणं वेगळं. तुम्हाला दोन्हींतलं किती हवंय हे ठरवून जा.

जाडीचं वेगळंच आहे. पाट्याची रुंदी वाढवली तर कडकपणा त्याच प्रमाणात वाढतो, पण जाडी वाढवली तर घनाच्या प्रमाणात. ८ मिलिमीटरच्या पाट्याऐवजी ९ मिलिमीटरचा घातला, तर डोळ्याला फरक कळणार नाही, पण तो पाटा ४२ टक्के जास्त कडक झालेला असतो. त्यामुळे ‘थोडासाच जाड आहे’ या बोलण्यावर जाऊ नका. हातात कॅलिपर घेऊन पाट्याची जाडी मोजणारा मिस्त्री शोधा. सापडला तर त्याला सोडू नका.

आखूड पाटा मध्ये घुसवणं मला अजिबात पटत नाही. स्वस्त आणि अर्ध्या तासाचं काम म्हणून ते फार चालतं. पण तो आखूड पाटा जिथे संपतो, तिथे वरचा पाटा एकदम वाकायला लागतो आणि बहुतेक वेळा तिथेच तुटतो. टाकायचाच तर लांब टाका, वरच्या पाट्याला पुरेशी साथ देणारा. आणि जुने पाटे उतरवून, भट्टीत लाल करून कमान देणाऱ्याकडे तर फिरकूही नका. पोलादाला कारखान्यात जो कस दिलेला असतो तो नुसत्या तापवण्याने उतरतो. थंड ठोकून दिलेली कमान काही दिवस टिकते, पण दमलेला पाटा पुन्हा बसतो.

टायरचंही बघून ठेवा. बाजूवर मापाच्या शेवटी एक आकडा असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ११० म्हणजे १०६०, ११२ म्हणजे ११२०, १२० म्हणजे १४००. हे वजन टायर पेलतो ते त्या वजनासाठी सांगितलेली हवा असेल तेव्हाच. रिकाम्या गाडीच्या हवेवर भरलेली गाडी चालवणारे रोज दिसतात. मात्र टायर जास्त वजनाचे घातले म्हणून एक्सलची मर्यादा वाढत नाही, हे तुमच्या तिसऱ्या मिस्त्रीलाही सांगा.

प्रश्न : आमची रोपवाटिका आहे. सकाळी पिकअप भिजलेल्या मातीच्या कुंड्यांनी गच्च भरून निघते आणि दुपारी रिकामी परत येते. पाटे कडक केले तर रिकामी गाडी उड्या मारेल, म्हणून हवेचे फुगे बघितले. दुकानदार म्हणाला दोन्ही फुग्यांना एकच नळी आणि एकच व्हॉल्व्ह पुरतो, स्वस्तात होतं. घ्यावे का?

उत्तर : ताई, फुगे घ्या, तुमच्यासारख्यांसाठीच ते आहेत. एकच नळी मात्र नको. दोन्ही फुगे एकाच नळीने जोडलेले असले, की वळणावर बाहेरच्या बाजूचा फुगा दाबला जातो आणि त्यातली हवा आतल्या बाजूच्या फुग्यात पळते. जिथे आधार हवा तिथून तो निघून जातो आणि गाडी आणखी कलंडते. उंच कुंड्या भरलेल्या असताना ते नकोच. दोन स्वतंत्र नळ्या, दोन व्हॉल्व्ह. खर्चातला फरक नळीच्या तुकड्याएवढाच असतो.

हवा किती, याचा माझा रिवाज असा : रिकाम्या गाडीची मागची उंची मोजून एका कागदावर लिहायची आणि तो कागद केबिनमध्ये चिकटवायचा. गाडी भरली की हवा भरत जायचं आणि मागची बाजू रिकाम्या उंचीच्या दोनेक बोटं खाली असतानाच थांबायचं. अगदी रिकामीसारखी उंच करायचा अट्टहास करू नका. रिकाम्या गाडीतही फुगा पूर्ण मोकळा ठेवायचा नाही. बहुतेक बनवणारे किमान ५ पीएसआय सांगतात, नाहीतर तो घडी पडून स्वतःलाच चिमटतो आणि फाटतो. कमाल आकडा बऱ्याच संचांत १०० असतो. तुमच्या संचाच्या कागदावर जे असेल ते पाळा.

आता दुकानदार जे सांगत नाही ते. पाटा गाडीचं वजन चेसिसवर दोन ठिकाणी वाटतो, पुढच्या हँगरला (पक्क्या टोकाला) आणि मागच्या शॅकलला (हलत्या टोकाला). या दोन जागांत मीटरभराहून जास्त अंतर असतं. फुगा मात्र बरोबर एक्सलच्या वर, एकाच जागी, चेसिसला खालून ढकलतो. हौद्याच्या टोकाला जड माल असेल, वर मागे ट्रेलर असेल आणि फुगे टम्म भरलेले असतील, तर खड्ड्यात आपटताना चेसिस त्या एका जागेवर टेकून मागे वाकते. केबिन आणि हौद्यामधली फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसायला लागली, की समजायचं चेसिसने मान टाकली. तेव्हा कुंड्या पुढून भरत या. फुगा गाडी सपाट करतो, पण मागून पुढे वजन नेत नाही. पुढची चाकं हलकी झाली असतील तर फुगे भरूनही ती हलकीच राहतात.

भिजलेल्या मातीचं वजन लोक फार कमी धरतात, म्हणून तुम्हीही एकदा काट्यावर जाच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, एवढं धरलं तरी सकाळी नळीने मारलेल्या पाण्याचा हिशेब लागेल. जमलं तर गाडी भरून झाल्यावर नव्हे, पोचल्यावर पाणी घाला.

बसवताना नळी सायलेन्सरपासून लांब न्यायला सांगा आणि ब्रेकच्या नळीला फुगा घासत नाही ना ते गाडी भरून आणि रिकामी करून, दोन्ही वेळा बघा. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तपासा. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाजू खाली आलेली दिसली, तर गळती तिथेच आहे.

प्रश्न : मागे महागातले नवे शॉकअॅब्सॉर्बर टाकले. तरी भरल्यावर गाडी तेवढीच बसते. फसवलं का मला?

उत्तर : फसवलं की नाही ते, विकताना काय सांगितलं त्यावर अवलंबून. साधा शॉकअॅब्सॉर्बर वजन पेलतच नाही, तो फक्त पाट्याचं हलणं आवरतो. गाडी पाट्यावर उभी असते. पाटे कडक केल्यावर मात्र शॉकही त्याला साजेसे लागतात, कारण कडक पाटा जास्त जोराने परत उसळतो आणि जुना शॉक त्याला धरू शकत नाही. म्हणजे तुमची खरेदी वाया गेली नाही, क्रम उलटा झाला.

प्रश्न : मी गॅरेजमध्ये शिकाऊ आहे. पाटे बदलताना उस्ताद जुनेच यू-बोल्ट परत लावतात. नव्या बोल्टचा खर्च गिऱ्हाईकाला नको असतो. चालतं का?

उत्तर : नाही चालत. उस्तादांचा मान ठेवून सांगतो. यू-बोल्ट कसताना थोडा ताणला जातो आणि त्या ताणावरच एक्सल आणि पाटे एकमेकांना धरून राहतात. एकदा ताणलेला, आटे घासलेला, गंजलेला बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. शिवाय संच जाड झाला की जुना बोल्ट आखूड पडतो आणि नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत. पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचंही तेच, लांब घ्यावा लागतो. यू-बोल्ट ढिला पडला की सगळा भार त्या बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की एक्सल पाट्यावरून सरकतो आणि गाडी तिरकी चालायला लागते.

तू स्वतः करशील तेव्हा एवढं लक्षात ठेव. जॅकवर भरवसा नाही, चेसिसखाली स्टँड लावल्याशिवाय खाली जायचं नाही. पाट्याचा सेंटर बोल्ट सोडण्याआधी संच शिकंज्यात घट्ट धरायचा, नाहीतर कमानीचा जोर अंगावर येतो. यू-बोल्टचे चार नट एकेक करून पूर्ण कसायचे नाहीत, तिरक्या क्रमाने थोडे थोडे कसायचे आणि शेवटी टॉर्क पाना लावून पुस्तकातल्या आकड्यावर आणायचे. हँगर आणि शॅकलचे बोल्ट रबरी बुशचे असतील, तर गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन पाट्यावर आल्यावरच शेवटचे आवळायचे. हवेत लटकताना आवळले, की गाडी खाली घेताच बुश पिळला जातो आणि लवकर फाटतो. गिऱ्हाईकाला पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर परत बोलवायचं आणि नट पुन्हा तपासायचे. तो येत नाही, हे मलाही माहीत आहे. बिलावर मोठ्या अक्षरात लिही.

आणखी एक. पाट्याच्या आसपास वेल्डिंग करायचं असेल तर ठिणग्या पाट्यावर पडू द्यायच्या नाहीत आणि अर्थिंगची क्लिप तर पाट्याला लावायचीच नाही. जिथे छोटासा डाग पडतो तिथूनच पुढे भेग सुरू होते.

प्रश्न : माझ्या गाडीला मागे फक्त तीनच पाटे आहेत, मध्ये जाड आणि टोकाला पातळ, एकमेकांत फट असलेले. कमी वाटतात. साधा एखादा पाटा मध्ये घालू का?

उत्तर : घालू नका. हे पॅराबोलिक पाटे. ते मध्यभागी आणि टोकांनाच टेकतात, बाकी फट मुद्दाम ठेवलेली असते. संख्येने कमी असले तरी प्रत्येक पाट्यात जाडी हवी तिथेच आहे. त्यात सपाट पाटा घुसवला की तो भलत्या जागी टेकतो आणि घासतो. वजन वाढवायचं तर त्याच जातीचा जास्त क्षमतेचा संच घ्या, किंवा बंप स्टॉप (एक्सल चेसिसवर आपटू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) काढून त्याच्या जागी बसणारा पोकळ रबराचा आधार लावा. तो गाडी बसल्यावरच कामाला लागतो, रिकामी असताना चालवण्यात फरक पडत नाही.

प्रश्न : नवा जड संच बसवला. गाडी मागून दोन इंच उंच झाली. आता भरल्यावर ब्रेक लांब लागतो असं वाटतं आणि एका ठरावीक वेगाला खालून थरथर येते. पाटे चुकीचे आहेत का?

उत्तर : पाटे बरोबर असतील, त्यांच्यासोबतची दोन कामं राहिली आहेत. मागच्या एक्सलपासून चेसिसपर्यंत एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग जाते का बघा. असेल, तर तुमच्या गाडीत वजन ओळखून मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आहे. त्याला वजन कळतं ते फक्त एक्सल आणि चेसिसमधल्या अंतरावरून. तुम्ही गाडी उंच केलीत, त्यामुळे भरलेली असतानाही त्याला ती रिकामीच वाटते आणि तो मागच्या चाकांना कमी दाब पाठवतो. सगळं ओझं पुढच्या ब्रेकवर येतं. ती दांडी नव्या उंचीप्रमाणे लावून घ्यावी लागते आणि पुस्तकातलं माप असल्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नका. तोवर गाडी भरू नका.

थरथर बहुतेक प्रॉपेलर शाफ्टची, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या एक्सलला नेणाऱ्या दांड्याची. मागचं टोक उंच झालं की शाफ्ट आणि हाउसिंगच्या पिनियनमधला (आतल्या दातेरी चाकामधला) कोन बदलतो आणि शाफ्टच्या टोकाचा क्रॉस जॉइंट तक्रार करतो. पाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचरीसारखी तिरकी पट्टी घालून तो कोन परत जुळवतात. पट्टी पोलादाची घ्या, ॲल्युमिनियमची दबून फुटते. पट्टी घातल्यावर यू-बोल्टची लांबी पुन्हा बघायला सांगा. आणि शाफ्ट खाली उतरवलाच आहे तर जॉइंट हाताने फिरवून बघा, कुठे अडकत असेल तर त्याच वेळी बदलून टाका.